प्रश्न क्रमांक चारशे बारा

माझ्या नावावर एकच पुस्तक आहे. विज्ञान आणि गणिताचे एक हजार प्रश्न, मागच्या पानांवर त्यांची एक हजार उत्तरं, आणि मुखपृष्ठावर सौ. अरुंधती दामले, बी.एस्सी., बी.एड. भोसरीच्या एका पंपांच्या कंपनीने ते १९७४ साली आपल्या कामगारांच्या मुलांसाठी छापून घेतलं. सर्वांत हलका वायू कोणता, सूर्याचा उजेड पृथ्वीवर यायला किती मिनिटं लागतात, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज किती, असली सगळी चिल्लर. मुलांनी पाठ करावी, पाहुण्यांसमोर घडाघडा म्हणून दाखवावी आणि आईबापांनी हुरळून जावं. मला त्या पुस्तकाचा इतका गर्व होता की पुढचे सहा महिने मी ते पर्समध्ये घालून फिरत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

चारशे बारावा प्रश्न असा होता : लोखंडाच्या पट्टीला मधोमध गोल भोक आहे. पट्टी तापवली तर भोक मोठे होईल की लहान? दुसऱ्या आवृत्तीत त्याचं उत्तर बरोबर आहे. पहिल्या आवृत्तीत मी छापलं होतं, लहान होईल. लोखंड तापलं की फुगतं, म्हणजे ते चारी बाजूंनी भोकात सरकणार आणि भोक आवळणार. मला हे इतकं उघड वाटलं होतं की कुठे पडताळून बघावं असं मनातही आलं नाही. तापलेलं लोखंड मी जन्मात पाहिलं होतं ते तव्याचं आणि इस्त्रीचं.

कस्तुरा ओव्हाळ माझ्या दहावीच्या वर्गात होती. तिचे वडील भीमराज त्याच पंपांच्या कंपनीत फिटर होते. आई सोजरबाई आणि मोठी बहीण दोघी पिंपरीत एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या, गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायच्या. कस्तुराचंही तिथेच ठरलं होतं. परीक्षा झाली की जूनपासून लागायचं, बहिणीने सुपरवायझरला सांगून ठेवलं होतं. त्यातून सुटायचा एकच रस्ता होता. खंडेनवमीला कंपनीत माझ्या पुस्तकावर स्पर्धा होणार होती आणि पहिल्या आलेल्या मुलाला किंवा मुलीला कंपनी पुण्याला तीन वर्षांचा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा देणार होती, फीपासून हॉस्टेलपर्यंत सगळं कंपनीचं.

कस्तुराला तो डिप्लोमा हवा होता. मशीन ड्रॉइंग म्हणजे काय, मुलींना वर्कशॉपमध्ये घेतात का, हॉस्टेलला खिडकी असते का, हे ती मला महिनाभर विचारत होती. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी तिला चिंचवडला माझ्या घरी बोलावून शिकवत होते, एक पैसा न घेता. ती माझी लाडकी होती. हेही आत्ताच सांगून टाकते.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, चारशे बाराचं उत्तर चुकलंय."

मी विचारलं, कशावरून. ती म्हणाली की तिचे दादा, म्हणजे वडील, रोज तेच काम करतात. पंपाच्या दांड्यावर लोखंडी कडं घट्ट बसवायचं असलं की कडं तापवतात. त्याचं भोक मोठं होतं, दांड्यावर आपसूक सरकतं, आणि गार झालं की असं आवळून बसतं की घणानेही निघत नाही. मग तिने आपली वही काढली. त्यात मीच वर्गात सांगून लिहवलेली शास्त्रीय कारणे होती. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ती तापवतात, कारण तापवल्याने धाव प्रसरण पावते व चाकावर सहज बसते.

"बाई, धाव म्हंजी लोखंडाचं कडंच की," ती म्हणाली. "भोक लहान झालं असतं तर चाक आत गेलं कसं?"

अकरा वर्षं मी ते कारण मुलांना तोंडी सांगून लिहवून घेत होते. धावेला मध्ये भोक असतं हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. माझे कान तापले. पंधरा वर्षांची, भोसरीच्या भाड्याच्या खोलीत राहणारी मुलगी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून माझी चूक काढत होती, आणि तीही मीच लिहवलेल्या वहीतून. मी म्हणाले, धाव वेगळी आणि पट्टीतलं भोक वेगळं. स्पर्धेत पुस्तकात आहे तेच लिहायचं, परीक्षक पुस्तक बघून मार्क देतात, तुझ्या वडिलांना बघून देत नाहीत.

ती "बरं बाई" म्हणाली आणि वही मिटली.

ती गेल्यावर अर्ध्या तासात मला कळलं की ती बरोबर आहे. कागदावर एक आकृती काढली आणि कळलं. पट्टी फुगते तेव्हा तिच्यातली प्रत्येक गोष्ट फुगते, भोकसुद्धा. एका ओळीचं शुद्धिपत्र काढलं असतं तर भागलं असतं. पण पुस्तकाच्या प्रती घरोघर गेल्या होत्या, आणि कारखान्याचे मुख्य मॅनेजर मधुसूदन केतकर यांनी प्रस्तावनेत 'प्रत्येक उत्तर काटेकोरपणे तपासलेले' असं सहीनिशी लिहिलं होतं. त्यांनी ते तपासलं नव्हतं आणि मीही नव्हतं. मी शुद्धिपत्र काढलं नाही. शेजारणी मला पुस्तकवाल्या बाई म्हणायला लागल्या होत्या, ते मला फार गोड लागत होतं.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनं बंद असतात. आदल्या दिवशी कामगार ती पुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि कानशी, हातोडे, पाने, मापं सगळं एका टेबलावर मांडून हळदकुंकू वाहतात. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. बायकामुलं नवे कपडे घालून बघायला येतात, पेढे खातात. भीमराज ओव्हाळ बौद्ध होते, ते पूजेला बसत नसत. दरवर्षी ते दाराशी उभे राहत आणि पूजा आटपल्यावर आत येत. आदल्या दिवशी मशिनं पुसायला मात्र सगळ्यांच्या आधी तेच असत. बाकीच्या फिटर लोकांना त्यांचं दारात उभं राहणं खटकायचं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं.

स्पर्धा शॉपमध्येच, म्हणजे कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये झाली, मशिनांच्या मधल्या मोकळ्या जागेत. चाळीस मुलांमधून शेवटी दोन उरली. एक कस्तुरा आणि दुसरा नंदकिशोर बापट. त्याचे वडील कंपनीत पर्सोनेल ऑफिसर होते, म्हणजे कुणाला कामावर घ्यायचं आणि कुणाला काढायचं ते त्यांच्या हातात. नंदकिशोरला माझं पुस्तक पानासकट पाठ होतं. पारा, प्रकाशवर्ष, सर्वांत लहान मूळ संख्या, काही विचारा. दोघांची बरोबरी झाली, तीन वेळा झाली. मग केतकर साहेब म्हणाले, बाई, आता एक शेवटचा प्रश्न तुमच्या पसंतीचा विचारा, दोघंही पाटीवर उत्तर लिहितील.

हजार प्रश्न होते. मी चारशे बारावा विचारला.

चुकून नाही, मुद्दाम विचारला. ती कुणाचं ऐकते ते मला बघायचं होतं. दोघांनी 'लहान' लिहिलं असतं तर मी लगेच दुसरा प्रश्न विचारला असता आणि आठ दिवसांचा माझा जाळ शांत झाला असता. मला खात्रीच होती की ती 'लहान' लिहील. डिप्लोमा समोर होता. एवढ्यासाठी कुणी खरं बोलत बसत नाही, निदान मी तरी बसले नसते.

नंदकिशोरने चटकन लिहून पाटी उलटी धरली. कस्तुराने लिहायच्या आधी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. प्रश्न असा का विचारला, हे तिला समजत नव्हतं, आणि ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. मी हातातल्या पुस्तकात बघायला लागले. मग पाट्या वर झाल्या. नंदकिशोरच्या पाटीवर लहान, तिच्या पाटीवर मोठे.

मी पुस्तक उघडून उत्तर वाचलं. टाळ्या पडल्या. त्या शॉपमध्ये त्या दिवशी तीसेक फिटर तरी उभे होते. कडं तापवून चढवायचं काम त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हातातलं होतं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

भीमराज दाराजवळून पुढे आले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, पोरीचं उत्तर बरोबर हाय. कडं तापवून दावतो, पाच मिनिटांचं काम."

केतकर साहेब हसून म्हणाले की ओव्हाळ, आज हत्यार उचलायचं नसतं, तुम्हाला माहीत आहे. दसरा होऊ दे, मग बघू.

"बक्षीस आज देनार हाय ना साहेब? मग परवा बघून मी काय करू?"

भीमराज पूजेच्या टेबलापाशी गेले. लोखंड तापवायचा रॉकेलचा ब्लो लॅम्प तिथेच होता, कुंकवाचा टिळा लावलेला, गळ्यात झेंडूची माळ. त्यांनी माळ काढून नीट बाजूला ठेवली. एक दांडा आणि एक कडं घेतलं, दांडा पकडीत आवळला, कडं त्याच्यावर ठेवून तळहाताने दाबलं. ते जाईना. सगळ्यांना दिसेल असं त्यांनी दोनदा दाबलं. मग दिव्याला पंप मारला, पेटवला, सांडशीत कडं धरलं आणि फिरवत फिरवत तापवायला लागले. शॉपमध्ये फक्त त्या ज्योतीचा आवाज येत होता. कडं निळसर झालं तशी त्यांनी ते दांड्याच्या टोकावर नेलं आणि सांडशी सैल केली. कडं सरकन खाली जाऊन बसलं.

मला आजही पटत नाही, पण त्या कड्याकडे कुणी बघितलंच नाही. एक जुना फिटर पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "पूजेचं हत्यार बाटवलं ह्यानं." मग मागून दुसरा, तिसरा. याला कशाला आत घेता, दरवर्षी दारात उभा राहून आमच्या देवाचा अपमान करतो आणि आज हात घातला. बायकांनी पोरं जवळ ओढली. रोज ज्याच्या शेजारी बसून हे लोक डबा खात होते, तो माणूस कोणत्या जातीचा, ते त्यांना एकाएकी आठवलं. भीमराज सांडशी हातात धरून उभे होते. कस्तुरा मात्र हसत होती. तिला वाटत होतं की आता सगळ्यांना दिसलं, आता झालं.

केतकर साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. नियम सुरुवातीलाच वाचून दाखवला होता, ते म्हणाले, पुस्तकातलं उत्तर अखेरचं. तरी लेखिका इथेच आहेत, त्यांनाच विचारू. आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

कडं दांड्यावर बसलेलं होतं. तापल्या लोखंडाचा वास अजून जात नव्हता. कस्तुरा माझ्याकडे बघत होती आणि अजून हसत होती, कारण मी तिची बाई होते.

मी म्हणाले, "लहान."

डिप्लोमा नंदकिशोरला मिळाला. दसऱ्यानंतर कंपनी उघडली त्याच दिवशी भीमराजना चार्जशीट दिलं गेलं. मनाई असताना हत्यार वापरणं, सहकाऱ्यांच्या भावना दुखावणं, समारंभात गोंधळ. खाली सही बापटांची. चौकशी होईपर्यंत सस्पेंड. कस्तुरा शाळेत येत होती. माझ्याकडे संध्याकाळी यायचं तिने बंद केलं, आणि मला त्याने हायसं वाटलं.

महिन्याभराने केतकर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "भोक मोठं होतं, बाई. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पण प्रस्तावना माझी आहे आणि पुस्तक तुमचं." मग त्यांनी तोड सांगितली. भीमराजनी हत्याराबद्दल माफी लिहून द्यावी, आणि मुलीने आपलं उत्तर चुकलं होतं असं लिहून द्यावं. म्हणजे निकालाबद्दल कुणाला बोलायला जागा राहणार नाही आणि माणूस कामावर येईल. भीमराज स्वतःची माफी लिहायला तयार होते. मुलीचं काही लिहून देणार नाही म्हणाले, नोकरी गेली तरी चालेल म्हणाले.

"तुमचं ती ऐकेल," केतकर साहेब म्हणाले.

मी नाही म्हणू शकत होते. मी चहा संपवला आणि हो म्हणाले. मनाला सांगितलं की हे त्या घराच्या भल्यासाठी आहे. घरात दोन बायकांच्या पगारावर चार माणसं जगत होती, हे तर खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कस्तुराला प्रयोगशाळेत बोलावलं. तिथे कपाटात एक पितळी गोळा आणि कडी होती. गार असताना गोळा कडीतून जातो, तापवल्यावर अडकतो, हा प्रयोग मी दरवर्षी दाखवायची. गोळ्याऐवजी कडी तापवून बघावं असं मला कधी सुचलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. वडील परत कामावर येतील, फक्त एक कागद. तिने विचारलं, दादांना कळेल का. मी म्हटलं, कळायचं कारण नाही. तिने कपाटातल्या कडीकडे एकदा बघितलं. मग बाकावर सरळ बसली, पेन उघडलं.

"तुमी सांगा बाई," ती म्हणाली. "मी लिहिते."

शास्त्रीय कारणे सांगायची मी, तसंच सांगितलं. सावकाश, स्वल्पविरामासकट. लोखंडी पट्टी तापवली असता तिच्यातील भोक लहान होते. स्पर्धेच्या दिवशी मी दिलेले उत्तर चूक होते. माझ्या वडिलांनी माझ्या सांगण्यावरून गैरसमजाने प्रयोग केला. खाली नाव, इयत्ता, तारीख. तिचं अक्षर सुरेख होतं, एकही खाडाखोड नव्हती. कागद देताना तिने विचारलं, "बरोबर आलं ना बाई?" मी हो म्हणाले.

भीमराज कामावर रुजू झाले. रोज कडी तापवून दांड्यांवर चढवायला लागले. कागद बापटांच्या फायलीत होता आणि बापटांनी तो शॉपमध्ये चार लोकांना दाखवला होता, त्यामुळे भीमराजना कळायचं ते कळलंच. भोसरीच्या बसस्टॉपवर पूर्वी ते मला लांबून "जयभीम, बाई" म्हणायचे आणि मी मान हलवायची. आता ते बस सोडून द्यायचे, पण माझ्याबरोबर चढायचे नाहीत.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभी होते. मुली बाहेर आल्या त्या उड्या मारत. बाई, शास्त्रीय कारणांत धाव आली, तुम्ही सांगितलेली जशीच्या तशी. तीन मार्कांचा प्रश्न होता. मला एवढा आनंद झाला की मी कस्तुराला शोधायला लागले. सगळ्यांत शेवटी ती आली. हातात पॅड, बोटांना शाई. चार महिन्यांत मी तिच्याशी वर्गाबाहेर एक शब्द बोलले नव्हते. वाटलं, आता बोलायला चांगलं निमित्त आहे.

मी म्हटलं, "धावेचं कारण आलं होतं ना? ते तर तुला झोपेत येईल."

"न्हाई लिहिलं बाई," ती म्हणाली. "सोडून दिलं."

मी विचारलं, का.

"मी लिहून दिलंय की, भोक लहान होतं म्हणून. सही हाय माझी त्याच्यावर." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती मला समजावून सांगत होती. "मग धाव चाकावर चढंल कशी? एकदा हे आन् एकदा ते, असं कसं लिहू?"

तिने पेनाला टोपण लावलं, येते बाई म्हणाली आणि पिंपरीच्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पॅकिंगच्या सुपरवायझरने त्याच दिवशी भेटायला बोलावलं होतं, जूनपर्यंत जागा रिकामी ठेवायला तो तयार नव्हता.